फ्रेंच सिनेमातले कपडे आणि त्यांच्यामागच्या भिंती

छत्रीवाली:
फ्रेंच सिनेमातल्या वेशभूषेचा विषय निघाला की गाडी बहुतेक वेळा शनेल आणि सँ लोराँ या फॅशनघरांच्या दारात जाऊन थांबते. ती नावं मोठीच आहेत. पण हा धागा काढायचाय तो कपडा आणि त्याच्यामागची भिंत या जोडीसाठी. फ्रेंच सिनेमाचं देखणेपण मला तिथे जास्त सापडतं.

उदाहरण दिग्दर्शक जाक देमीच्या १९६४ च्या 'शेरबूरच्या छत्र्या'चं. नेपथ्य बेर्नार एव्हँचं, वेशभूषा जाकलीन मोरोची, कॅमेरा जाँ राबियेचा, संगीत मिशेल लग्राँचं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक वाक्य गायलेलं. गोष्ट चार ओळींची. छत्र्यांच्या दुकानातली मुलगी जनव्हिएव्ह, गॅरेजमधला मुलगा गी, त्याला अल्जीरियाच्या लढाईचं बोलावणं, तिचं दुसऱ्याशी लग्न. पण त्या घरातले वॉलपेपर बघा! एका प्रसंगात दिवस गेलेली जनव्हिएव्ह फुलाफुलांच्या झग्यात उभी आहे आणि मागच्या भिंतीवर जवळपास तीच फुलं. खरं तर ती भिंतीत हरवायला हवी. हरवत नाही. त्या घराने तिला आपल्यात ओढून घेतलंय असं मात्र वाटतं, आणि ती गीची वाट बघत राहणार नाही हे तिथेच कळून चुकतं.

तर प्रश्न दोन. हे जमवताना नेमकं काय सांभाळावं लागतं? आणि एका खोलीत, एकाच ड्रेसवर, कमी खर्चात दहा मिनिटांच्या लघुपटासाठी करायचं तर कामाचा क्रम काय ठेवावा? शिवणकाम, कॅमेरा, लॅब, ज्याला जे माहीत आहे ते सविस्तर लिहा.

रंगपेटी:
फार आवडता विषय. एव्हँने त्या चित्रपटासाठी अख्खं गाव रंगवून घेतलं होतं ना? घरांच्या खिडक्यासुद्धा?

खिडकीपाशी:
@रंगपेटी, ते रॉशफोर. १९६७ चा 'रॉशफोरच्या तरुणी', देमी आणि एव्हँच. तिथे गावातल्या दर्शनी भिंती आणि खिडक्यांच्या झडपा फिक्या रंगांत रंगवल्या, कारण नाच उघड्या चौकात होते आणि मागे खरं गाव दिसत होतं. शेरबूरमध्ये भर खोल्यांच्या आतल्या रंगावर आणि वॉलपेपरवर आहे. बाहेरचं गाव पावसाळी आणि बंदराचंच राहतं, म्हणून दार उघडून आत गेलं की रंग अंगावर येतात. ही दोन कामं एकसारखी समजू नयेत. रॉशफोरमध्ये भिंत फिकी आणि कपडा तिच्यावर उठून दिसणारा. शेरबूरमध्ये भिंत आणि कपडा तोडीस तोड.

अस्तर:
शिवणकामाच्या बाजूने लिहिते. मोठा प्रतिसाद होणार आहे.

आधी भिंत, मग कापड. हा क्रम उलटा केला की पस्तावाल. वॉलपेपर मिळतो तो ठरावीक रोलमध्ये, ठरावीक रंगात. कापड मात्र रंगवता येतं, छापून घेता येतं, चहात बुडवता येतं. आवडलेला ड्रेस आधी घेऊन त्याच्यासारखा कागद शोधत फिरणं म्हणजे चप्पल बघून पाय शोधणं.

वॉलपेपर ठरला की त्याचा निदान एक पूर्ण ठसा मावेल एवढा तुकडा हातात ठेवा. ठसा म्हणजे नक्षी जिथून सुरू होऊन पुन्हा तशीच सुरू होते ते अंतर. त्यावरून कापड छापून घ्यायचं तर फुलाचा आकार तसाच ठेवायचा नाही. भिंत कॅमेऱ्यापासून लांब असते आणि कपडा जवळ, त्यामुळे सारखं फूल भिंतीवर बारीक दिसतं. हिशोब सोपा आहे. कॅमेऱ्यापासून नटी ३ मीटरवर आणि भिंत ४.५ मीटरवर असेल तर प्रमाण दीडपट. ड्रेसवर ६ सेंटीमीटरचं फूल असेल तर भिंतीवर ते ९ सेंटीमीटरचं हवं, तरच दोन्ही पडद्यावर सारखी दिसतील. लेन्स कोणतीही लावा, हे प्रमाण बदलत नाही, ते फक्त अंतरावर आहे. नटी दोन पावलं पुढे आली की मात्र बिघडतं. म्हणून जुळणीचा क्षण ज्या जागेवर हवा ती जागा आधी खडूने आखा आणि मोजमाप तिथूनच घ्या.

दुसरं, छापलेलं सुती कापड कापण्याआधी धुवा. साधं सुती तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर. ड्रेस शिवून झाल्यावर धुतला तर मापही जातं आणि फुलाचा आकारही.

तिसरं, शिवणीवर नक्षी जुळवायची. मागे अखंड नक्षीची भिंत असते, त्यामुळे ड्रेसच्या शिवणीवर अर्धं फूल तुटलं तर नजर थेट तिथे जाते. साध्या भिंतीपुढे ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. नक्षी जुळवायला कापड जास्त लागतं. समजा ठसा ३२ सेंटीमीटरचा आणि घेराची प्रत्येक कळी ७५ सेंटीमीटर लांब. प्रत्येक कळी ठशाच्या त्याच जागेवरून कापायची म्हणजे एकेका कळीला तीन ठसे, ९६ सेंटीमीटर जातात. एकाखाली एक चार कळ्या कापायच्या तर ३ मीटरऐवजी ३.८४ मीटर. हे आधी न मोजल्यामुळे शेवटची कळी कमी पडते आणि मग दुसऱ्या लॉटचं कापड आणावं लागतं. दुसऱ्या लॉटचा रंग कधीही हुबेहूब नसतो.

आणि भिंतीशी जुळणी किती करायची? पडद्यावर आकार, उजेड आणि रंगाचा गडदपणा ही तिन्ही एकसारखी झाली तर खोलीत नुसता चेहरा तरंगतो. तिन्हींतलं एक मुद्दाम मोडायचं. माझं मत, उजेड मोडा. आकार मोडला तर जुळणीची गंमतच जाते आणि गडदपणा मोडला तर कपडा विटल्यासारखा दिसतो.

छत्रीवाली:
@अस्तर, दीडपटीचा हिशोब वाचून डोळे उघडले. दुकानात कापड आणि कागद शेजारी धरून बघितले तर सारखे दिसतात, आणि मॉनिटरवर एक हिरवट, एक निळसर. हे का होतं?

अस्तर:
कापडाचा रंग आणि कागदाची शाई ही दोन वेगळी रसायनं. दुकानाच्या दिव्याखाली दोन्हींतून डोळ्याला सारखाच उजेड परत येतो. दिवा बदलला की एकातून निळा जास्त येतो, दुसऱ्यातून कमी. कॅमेऱ्याचा सेन्सर डोळ्यापेक्षा आणखी वेगळं बघतो. म्हणून दुकानातल्या जुळणीला काही अर्थ नाही. ३० बाय ३० सेंटीमीटरचा कापडाचा तुकडा वॉलपेपरवर टाचून, ज्या दिव्याखाली शूटिंग आहे त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यातून बघायचं. स्वस्त एलईडीखाली लाल आणि जांभळ्याची वाट लागते. दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९५ च्या वर असेल तर त्रास बराच कमी होतो.

आणखी एक. पांढऱ्या कॉलरसाठी घेतलेल्या कापडात झळाळीचं रसायन असतं, बऱ्याच धुण्याच्या पावडरींतही असतं. खिडकीतून ऊन आलं की ती कॉलर निळी पेटते. साध्या साबणाने दोन-तीनदा धुवा आणि मग चहात बुडवून तो पांढरा मोडा. एक लिटर उकळत्या पाण्यात दोन चमचे चहापूड, गाळून घ्यायची, कापड ओलं करून मगच सोडायचं, दहा मिनिटं हलवत राहायचं. कोरडं कापड टाकलं तर डाग पडतात. ओलं असताना रंग जास्त गडद दिसतो, त्यामुळे घाबरून लवकर काढू नका. डोळ्याला किंचित मळकट वाटलेलं पांढरं पडद्यावर स्वच्छ पांढरं दिसतं.

खिडकीपाशी:
आता उजेडाचं. त्या काळातली ईस्टमनची रंगीत निगेटिव्ह ५० एएसएची होती (एएसए किंवा आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची ताकद). सेकंदाला २४ चौकटी आणि लेन्सचं तोंड एफ २.८ धरलं तर नटीच्या अंगावर सुमारे २,१०० लक्स उजेड लागतो. आजचा ८०० आयएसओचा कॅमेरा तेच काम १३०-१४० लक्समध्ये करतो. सोळापट फरक! एवढा उजेड छोट्या खोलीत ओतला की तो भिंतींवर आपटून सगळीकडे पसरतो, सावल्या भरून निघतात आणि वॉलपेपर कोपऱ्यापर्यंत रंगीत राहतो. तेव्हाच्या रंगांचं भरलेपण बऱ्याच अंशी या उजेडाचं आहे. आज खोलीतल्या एका टेबललॅम्पवर शूट करायचं आणि मग संगणकावर रंग ओढायचे, असं केलं की भिंतीचा गुलाबी मातकट होतो आणि सोबत चेहराही गुलाबी होतो.

वरच्याच मापांवर बोलू. दिवा नटीपासून २ मीटरवर, भिंत तिच्या मागे दीड मीटरवर. म्हणजे दिव्यापासून भिंत ३.५ मीटर. उजेड अंतराच्या वर्गाने पडतो, तेव्हा भिंतीवर नटीच्या एक तृतीयांश उजेड पोहोचतो, म्हणजे नटीपेक्षा दीड स्टॉपहून थोडा जास्तच खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). जुळणीसाठी हे जास्तच अंधारं आहे. भिंतीला स्वतःचा मऊ दिवा द्या, कापडातून गाळलेला, आणि तिला नटीपेक्षा दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणा. अस्तर म्हणतात तो मोडायचा उजेड नेमका हाच. नटीची सावली भिंतीवर पडू देऊ नका, सावली पडली की कागद कागद वाटायला लागतो.

लाल रंगाबद्दल वेगळा इशारा. साध्या कॅमेऱ्यांत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा बरीच कमी साठवली जाते. ४:२:० या साठवणीत आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मी, म्हणजे एकूण चौथाई. लाल भिंतीपुढे लाल ड्रेस ठेवला की दोघांमध्ये उजेडाचा फरक थोडाच, सगळा फरक रंगाचा, आणि तोच कमी साठवलेला. मग ड्रेसची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. रंगाची जास्त माहिती साठवणारं १० बिट ४:२:२ मिळत असेल तर तेच घ्या. नसेल तर शुद्ध लालऐवजी विटकरी किंवा डाळिंबी घ्या आणि अर्धा स्टॉप कमी एक्स्पोज करा. बारीक रेघांचं किंवा बारीक चौकड्यांचं कापडही याच चाचणीत बघून घ्या. रेघ सेन्सरच्या जाळीएवढी बारीक झाली की कापडावर इंद्रधनुषी लाटा येतात, आणि त्या नंतर काढता येत नाहीत.

दोन बटणं:
रंगाचंच चाललंय, म्हणून कृष्णधवलचा मुद्दा टाकतो. हाच बेर्नार एव्हँ दिग्दर्शिका आन्येस वार्दाच्या १९६२ च्या 'क्लेओ, ५ ते ७' चाही नेपथ्यकार. त्यात कपड्यांची रचना बघण्यासारखी आहे. डॉक्टरांच्या तपासणीचा निकाल यायला वेळ आहे आणि गायिका क्लेओ पॅरिसमध्ये फिरते आहे. सुरुवातीला ठिपक्यांचा ड्रेस, भरदिवसा उन्हाळ्यात विकत घेतलेली हिवाळ्याची फरची टोपी, मग घरी पांढऱ्या जवळजवळ रिकाम्या खोलीत पांढरा पिसांचा झगा. चित्रपटाच्या साधारण मध्यावर ती डोक्यावरचा केसांचा टोप ओढून काढते, साधा काळा ड्रेस घालते आणि बाहेर पडते. तोवर लोक तिच्याकडे बघत होते, इथून पुढे ती लोकांकडे बघते. कृष्णधवलमध्ये हे इतकं स्वच्छ पोचतं कारण खोली आणि झगा दोन्ही पांढरे ठेवलेत. काळा ड्रेस आला की एका क्षणात तिची कड उमटते.

कृष्णधवलला कापड निवडताना रंगाने फसू नका. मध्यम लाल आणि मध्यम हिरवा डोळ्याला एकमेकांचे वैरी, पण फिल्मवर दोन्ही एकच करडा होऊ शकतात. फोनचा कॅमेरा मोनोवर ठेवून दुकानातच बघता येतं. पोत मात्र बोलतो. साटीन, मखमल आणि लोकर तिन्ही काळ्या घेतल्या तरी तीन वेगळे काळे मिळतात.

दिग्दर्शक आलँ रेनेच्या १९६१ च्या 'मारिएनबाद'मध्ये नटी देल्फीन सेरिगचे बरेच गाऊन शनेलचे आहेत, तिचे कपडेही पिसं, लेस, काळं आणि पांढरं यांवरच चालतात. त्यातलं बागेचं दृश्य सगळ्यांना आठवत असेल, माणसांच्या लांब सावल्या पडल्यात आणि झाडांच्या नाहीत. त्या सावल्या जमिनीवर रंगवलेल्या आहेत. नेपथ्याचा रंगारी उन्हाचं कामसुद्धा करतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

रंगपेटी:
याची मुळं फार जुनी आहेत. सिनेमाच्या अगदी सुरुवातीचा दिग्दर्शक मेलिएस, त्याच्या काळातल्या फिल्मला लाल दिसतच नसे, ते काळं यायचं, आणि निळं पांढरं यायचं. म्हणून त्याचे पडदे करड्या छटांत रंगवलेले असत. रंग नंतर, फिल्मवर, हाताने. पॅरिसमध्ये एलिझाबेत त्युइलियेच्या कारखान्यात बायका एकेक चौकट ब्रशने रंगवायच्या, प्रत्येकीकडे एकच रंग. एकीने झगा केला की फिल्म दुसरीकडे, ती आकाश करणार. पुढे पाथेने छिद्रपट्ट्या आणल्या, दर रंगाला वेगळी फिल्म कापून तिच्यातून रंग भरायचा. म्हणजे कपड्याचा रंग शिंपी नाही, लॅब ठरवत होती.

राखाडी:
धाग्यावर गुलाबी फार झालं, आता माझी पाळी!

मेलव्हिलचा १९६७ चा 'ल सामुराई'. कॅमेरा आँरी दकाएचा. रंगीत फिल्म आहे आणि रंग जवळजवळ नाहीत. भाडोत्री मारेकरी जेफच्या खोलीत भिंती करड्या, पिंजऱ्यातला पक्षी मळकट, जेफ झालेल्या आलँ दलोंचा ट्रेंचकोट फिका, हॅट करडी. ही खोली संगणकावर रंग उतरवून झालेली नाही, तेव्हा तसा संगणकच नव्हता. समोर ठेवलेली प्रत्येक वस्तूच करडी निवडलेली आहे. आज लोक चित्रीकरणानंतर रंग कमी करतात, त्यात ओठ आणि कातडीही मरते. मेलव्हिलकडे भिंत आणि कपडा मेलेले आहेत, चेहरा जिवंत आहे. तसंच दिसायला हवं असेल तर भिंतीच्या रंगात थोडा काळा आणि थोडा निळा मिसळून खोली रंगवा, लाकूड-पितळ बाहेर काढा, पुस्तकांचे रंगीत कणे उलटे करा. स्वस्तात होतं.

वेशभूषेचा विद्यार्थी असेल त्याने त्यातली ओळखपरेड दहा वेळा बघावी. संशयितांची रांग, सगळे कोट-हॅटवाले. इन्स्पेक्टर जेफची हॅट एकाला देतो, कोट दुसऱ्याला. साक्षीदार एकेक तुकडा ओळखतो, हॅट याची, कोट त्याचा, चेहरा तिसऱ्याचा. तोवर आपण जेफ म्हणून जो बघत होतो तो तीन ठिकाणी विभागला जातो. या दृश्यासाठी हॅट आणि कोट मुळातच साधे पण ओळखू येण्यासारखे हवेत. फार वेगळे असते तर साक्षीदाराला ओळखणं सोपं झालं असतं, अगदीच सामान्य असते तर आपल्याला ओळखता आले नसते. कोटाची निवड पटकथेतून आली आहे ती अशी. आणि जेफचे पांढरे हातमोजे? फिल्म कापताना संकलक घालतात तसले सुती.

करडेपणाचा दुसरा उस्ताद जाक ताती. 'प्लेटाइम', १९६७, ७० मिलिमीटर. पॅरिसच्या कडेला काच आणि पोलादाचं खोटं शहर उभारलं आणि त्याला करडं ठेवलं. ७० मिलिमीटरमध्ये चौकटीच्या कोपऱ्यातल्या माणसाची बटणंसुद्धा दिसतात, म्हणून गर्दीतल्या प्रत्येकाचा कपडा नीट करावा लागतो. त्याने काही ठिकाणी मागे माणसांचे कापलेले फोटो उभे केलेत, तेही खपून जातात कारण सगळ्यांचे सूट करडेच. रॉयल गार्डन रेस्तराँचा भाग घ्या. खुर्च्यांच्या पाठीला मुकुटाचा आकार आहे आणि टेकून बसलेल्यांच्या कोटांवर तो मुकुट उमटतो. एका वेटरची पँट फाटते. मग बाकीचे वेटर आपापलं बिघडलेलं सामान त्याला देऊन त्याचं चांगलं घेऊन जातात, फाटका कोट, मोडका बूट, मळलेला बो. तो बिचारा बाहेर उभा, अंगावर सगळ्या हॉटेलची मोडतोड. हा विनोद चालण्यासाठी सगळ्या वेटरांचे गणवेश आधी तंतोतंत एक असावे लागतात. एकाचा काळा जरी वेगळा असता तरी कोट कुणाकडून आला ते लगेच कळलं असतं.

अस्तर:
@राखाडी, सुंदर. यातलं काम शिवणाऱ्यांना सांगून ठेवते. असा एकमेकांत फिरणारा कपडा असेल तर एका मापाचा एक पुरत नाही. प्रत्येक फाटलेल्या अवस्थेचा वेगळा नग लागतो. धड, अर्धा फाटलेला, पूर्ण फाटलेला, आणि वर एक राखीव. चारही एकाच ताग्यातून, एकाच दिवशी कापलेले. फाटण्याची जागा आधी उसवून कच्च्या टाक्याने धरायची, टाका १ सेंटीमीटरचा, गाठ न मारता. ओढलं की सरळ सुटतं. खरं कापड फाडायला गेलं तर ते आपल्याला हवं तिथे कधीच फाटत नाही.

खिडकीपाशी:
ट्रेंचकोटवरून आठवलं. बुन्युएलच्या १९६७ च्या 'बेल द जूर'मधला नटी कात्रीन दनव्हचा काळा चकचकीत कोट इव्ह सँ लोराँचा, बकलचे बूट रोजे व्हिव्हिएचे. असा व्हिनाइलचा कोट चित्रित करताना तो काळा दिसत नाही, आरशासारखा समोरचं दाखवतो. त्याला उजेड न देता त्याच्यासमोर उजळलेला मोठा पांढरा कागद किंवा थर्माकोल ठेवायचा. कोटावर त्याचीच लांब पांढरी रेघ पडते आणि बाहीचा आकार कळतो. छोटा दिवा लावलात तर नुसते ठिपके मिळतात. आवाजवाल्यालाही आधी विचारा, व्हिनाइल हललं की कुरकुरतं आणि कॉलर-माइकवर सगळं येतं.

दोन बटणं:
रस्त्यावरच्या शूटिंगचंही टाकू का? गोदारच्या १९६० च्या 'ब्रेथलेस'साठी कॅमेरामन राउल कुतारने इलफर्डची एचपीएस ही फोटोंसाठी विकली जाणारी वेगवान फिल्म वापरली. ती साडेसतरा मीटरच्या तुकड्यांत मिळे, तुकडे जोडून रीळ केले. तिची छिद्रं कॅमेफ्लेक्स कॅमेऱ्यात चालत. अशा फिल्मचा दाणा जाडा, त्यात लेसची नक्षी, बारीक विणकाम काही उरत नाही. उरतो तो ठळक आकार. नटी जीन सीबर्गचे आखूड केस आणि छातीवर वर्तमानपत्राचं नाव छापलेला पांढरा टीशर्ट लांबूनही वाचता येतो, तो म्हणूनच लक्षात राहतो असं मला वाटतं. कमी उजेडात, हातात कॅमेरा धरून रस्त्यावर शूट करणाऱ्यांनी बारीक कशिद्यावर पैसे घालू नयेत.

नीळ:
एक बाजू राहिली आहे, रंग टिकण्याची. 'शेरबूर'चे रंग आज दिसतात ते आपोआप टिकलेले नाहीत. त्या काळच्या ईस्टमन रंगीत फिल्ममध्ये रंग हे तीन रसायनांचे थर असतात, पिवळा, किरमिजी आणि निळसर. अंधाऱ्या डब्यातसुद्धा ते हळूहळू उडतात, प्रिंटमध्ये निळसर लवकर आणि किरमिजी सगळ्यांत शेवटी. म्हणून जुनी प्रिंट गुलाबी पडते. आपल्याकडच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटांचंही हेच झालंय. एव्हँने निळी आणि हिरवी ठरवलेली भिंत गुलाबी झाली की कपडा आणि भिंत यांचं सगळं गणितच पुसलं जातं. या चित्रपटात ते नुकसान गोष्टीचंच आहे.

वाचला तो वेगळ्या जतन केलेल्या कृष्णधवल फिल्मांमुळे. रंगीत निगेटिव्हवरून लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून तीन कृष्णधवल प्रती काढतात. त्यांत रंग नसतो, चांदी असते, आणि चांदी नीट धुतलेली असेल तर उडत नाही. पुढे या तिन्ही पुन्हा एकावर एक छापल्या की मूळ रंग परत. देमी १९९० मध्ये गेला, त्यानंतर त्याच्या बायकोने, आन्येस वार्दाने, हे काम करवून घेतलं. २०१३ मध्ये डिजिटल प्रतही निघाली. अडचण एवढीच की तीन पट्ट्या वर्षानुवर्षं सारख्या आकसत नाहीत. एक अर्धा टक्का जास्त आकसली तरी कडेला लाल-हिरवी झालर येते, आणि ती सगळ्यात आधी कुठे दिसते? बारीक फुलांच्या वॉलपेपरवर आणि छत्रीच्या काड्यांवर. डिजिटलमध्ये प्रत्येक चौकट ताणून जुळवता येते, जुन्या छपाईयंत्रात ते शक्य नव्हतं.

आजच्या लघुपटवाल्यांनी रंगपट्टी आणि करड्या कार्डाचा एक शॉट प्रत्येक सेटअपला घ्यावा आणि कापडाचा, कागदाचा तुकडा पाकिटात घालून, तारीख टाकून ठेवावा. दहा वर्षांनी फाइल वेगळ्या पडद्यावर उघडाल तेव्हा मूळ रंग कोणता ते सांगायला तेवढंच हातात असेल. पाकीट उन्हात नको.

रंगपेटी:
भिंत आणि कपडा एक करण्याचं टोक देमीनेच गाठलंय. १९७० चा 'गाढवाचं कातडं', परीकथा. राजकन्या तीन अशक्य झगे मागते, हवामानाच्या रंगाचा, चंद्राच्या, सूर्याच्या. हवामानाच्या झग्यासाठी सिनेमाच्या पडद्याचं कापड वापरून त्यावर ढग प्रक्षेपित केले होते. म्हणजे झगाच भिंत झाला. असलं कुणी करून बघितलं तर काय काय बिघडेल?

खिडकीपाशी:
प्रोजेक्टर आणि कॅमेरा शक्य तितके एका रेषेत हवेत, नाहीतर कापडाच्या चुण्यांच्या मागे काळ्या फटी दिसतात. बाकीचा उजेड झग्यावर पडला की ढग धुऊन निघतात, म्हणजे चेहऱ्याचा दिवा पुठ्ठ्याने गळ्यापाशी कापावा लागतो. ढग चेहऱ्यावर येऊ नयेत म्हणून प्रोजेक्टरच्या चित्रात चेहऱ्याची जागा काळी ठेवायची, आणि मग नटीला हलता येत नाही. सावकाश चालायचं असेल तर झगा भरपूर घेराचा आणि कडक हवा, तो कमी हलतो. डिजिटल प्रोजेक्टरची लुकलुक कॅमेऱ्यात पट्ट्या पाडते, शटर १/५० वर नेऊन बघा.

छत्रीवाली:
सगळ्यांचे खूप आभार. यादी अशी करते आहे. वॉलपेपर निळा, फूल ९ सेंटीमीटर. कापड सुती, फूल ६ सेंटीमीटर, धुऊन मग कापणार. नटीची जागा ३ मीटर, भिंत दीड मीटर मागे. भिंतीला वेगळा दिवा, पाऊण स्टॉप खाली. कॉलर चहातली. शेवटच्या प्रसंगात ती त्याच भिंतीपुढे दुसऱ्या कपड्यात यावी असं डोक्यात आहे, देमीच्या शेवटासारखं. तिथे बर्फ आहे, पेट्रोलपंप आहे, जनव्हिएव्ह गडद फरकोटात, आणि घरातले ते सगळे रंग संपलेले. हा दुसरा कपडा कोणता घ्यावा?

अस्तर:
एकरंगी घ्या, नक्षी नको. गडद पण काळा नको, काळ्यात शिवण आणि चुण्या दिसत नाहीत. गडद निळा किंवा चॉकलेटी, लोकरीसारखा उजेड पिणारा. आणि कापडाचं फूल छापायला टाकताना ६ सेंटीमीटर टाकू नका. ते धुतल्यावर पावणेसहाच्या आसपास कुठेही थांबेल, आपला अंदाज चालणार नाही. आधी अर्धा मीटर छापून घ्या, दोनदा धुवा, इस्त्री करा, आडवं आणि उभं वेगळं मोजा, कारण ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, सारखे आटत नाहीत. मग छापखान्याला दोन्ही दिशांची वेगळी टक्केवारी द्या.